शाळेचं बीट मिळालंय? आधी खिचडीच्या वेळेला जा

पोलीस ठाण्यात नव्याने आलेल्यांना शाळांचं बीट, म्हणजे शाळांवर लक्ष ठेवायचं काम, मिळालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, भाषणाला मुद्दे काय घेऊ?" मी म्हणायची, भाषण ठेव बाजूला, आधी शाळेत खिचडीच्या वेळेला जाऊन बस. जातीधर्मावरून मुलांना होणारा त्रास तिथे दिसतो.

मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. नोकरी सगळी बीड जिल्ह्यात. शेवटची काही वर्षं एका तालुक्याच्या ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी होते. बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात किमान सहायक फौजदार दर्जाचा एक जण या कामाला नेमावा लागतो. आमच्याकडे "बाई आहे, पोरांचं बघेल" एवढ्या हिशेबाने ते माझ्या गळ्यात पडलं. मी पुढे जे करत गेले ते कुठल्या प्रशिक्षणात शिकले नव्हते. चुका करत शिकले, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकते.

२०११ साली मी हवालदार होते. एका शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला: सातवीतल्या दोन पोरांची भांडणं, येऊन जरा दम द्या. गेले. एका पोराच्या दप्तरावर खडूने त्याची जात लिहिली होती, जातीपुढे शिवी. दप्तर म्हणजे खताच्या पिशवीचं, आईनं घरी शिवलेलं. पुसायचा प्रयत्न केल्यानं खडू आणखी पसरला होता. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये चहा आला. दोघांना हात मिळवायला लावले, "गैरसमजातून घडले" असा कागद लिहून घेतला आणि मी निघाले. स्टेशन डायरीला ओळसुद्धा टाकली नाही. आठ दिवसांनी त्या पोराच्या बापाला पारावर मारलं. गुन्हा दाखल झाला, कोर्टात केस उभी राहिली, तेव्हा बचावाच्या वकिलानं मला विचारलं, यापूर्वी असा काही प्रकार घडल्याची नोंद आहे का? नव्हती. पोरगा तोवर शाळा सोडून पुण्याला हॉटेलात कामाला लागला होता.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. शाळेत मिटवामिटवी करायला जाऊ नका. ते काम करायला गावात सरपंच, तंटामुक्तीवाले, संस्थाचालक असे ढीगभर लोक आहेत. तुमचं काम बघायचं, ऐकायचं आणि लिहून ठेवायचं.

तर खिचडी.

जीप घेऊन जाऊ नका, वर्दीही नको. मुलांशी बोलताना शक्यतो साध्या कपड्यात असावं हे बाल न्यायाच्या नियमांतच आहे, आणि नियम नसता तरी मी तेच सांगितलं असतं. वर्दी दिसली की मुलं ताठ बसतात आणि शिक्षक गोड बोलतात. मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी जा. स्वयंपाक करणाऱ्या मावशींजवळ बसा, तांदूळ कसा आलाय विचारा. मग रांग लागली की बघत राहा.

एका शाळेत मी असंच पाहिलं होतं. रांग एकच होती, त्यामुळे वरवर सगळं ठीक. पण तीन मुलींच्या ताटल्या घरून आणलेल्या होत्या, बाकी सगळ्यांच्या शाळेच्या. मावशी बाकीच्यांना पळी ताटलीला टेकवून वाढायच्या. या तिघींना वीतभर वरून. खिचडीचा एक गोळा एकीच्या मनगटावर पडला, तिनं तो चाटून घेतला आणि पुढे सरकली. कोणी काही बोललं नाही, कारण कोणाला त्यात काही दिसलंच नाही. विचारल्यावर सर म्हणाले, "त्यांना घरचीच ताटली आवडते." मी मुलींना विचारलं नाही, तिथे तर नाहीच. संध्याकाळी एकीच्या घरी गेले. आई म्हणाली, पहिलीपासून तसंच आहे, आम्हीच ताटली देतो, कशाला वाद.

त्या प्रकरणात मी काय केलं? ठाण्यात येऊन डायरीला नोंद केली. गटशिक्षणाधिकाऱ्यांना साहेबांच्या सहीने पत्र पाठवलं. पुढच्या आठवड्यात परत गेले. सगळ्यांना शाळेच्या ताटल्या मिळत होत्या. मावशी माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत, ते चालतं. अशा ठिकाणी थेट गुन्हा दाखल करायला हवा होता का, यावर आमच्याच ठाण्यात दोन मतं होती. आईला फिर्याद द्यायची नव्हती. मी तिला सांगितलं की दार उघडं आहे, कधीही ये. जबरदस्तीनं फिर्याद लिहून घेणं आणि फिर्याद द्यायला आलेल्याला परत पाठवणं, दोन्ही सारखंच वाईट असं माझं मत.

खिचडीनंतर पाण्याची टाकी बघा: ग्लास कोण बुडवतं, वरून ओतून कोणाला मिळतं. स्वच्छतागृह कोण धुतं ते बघा. "मुलांनी श्रमदान केलं" म्हणतात, पण श्रमदानाच्या यादीत दर वेळी त्याच चार आडनावांची मुलं असतील तर ते श्रमदान नाही. वर्गात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना "सवलतवाले उभे राहा" असं पुकारतात का, तेही कानावर घ्या. पुकारणाऱ्या बाईंच्या मनात काही नसतं, पण उभं राहिलेल्या पोराकडे चाळीस डोळे वळतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचं टोपणनाव तयार होतं.

माझी एक युक्ती सांगते. पाचवी ते आठवीच्या मुलांना कोरा कागद द्या आणि म्हणा, तुमच्या वर्गाचं चित्र काढा, कोण कुठे बसतं ते लिहा. वीस मिनिटांत तुमच्या हातात अख्ख्या गावाचा नकाशा येतो. कोपऱ्यातला एक बाक बऱ्याच चित्रांत नसतोच. काढायचा राहिलेला तो बाक कोणाचा, हे शोधून काढा.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. मुलं काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर जातात. परत आली की वर्गात त्यांची जागा गेलेली असते, अभ्यास मागे पडलेला असतो, आणि "कोप्यावरची", म्हणजे ऊसतोडीच्या झोपड्यांतली, म्हणून चिडवणं सुरू होतं. त्याच सुमारास १४ एप्रिलच्या मिरवणुकीची तयारी असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी त्या पंधरवड्यात शाळेचे दोन फेरे जास्त टाकायची.

पंचांगासारखं एक कॅलेंडर तुमच्याकडेही असावं. भीमा-कोरेगावची १ जानेवारी, १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, ६ डिसेंबर, ईद, विसर्जन. बंदोबस्ताचं नियोजन साहेब चौकातलं करतात, शाळेचं कोणी करत नाही. आणि क्रिकेट. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुसलमान पोरांना "तुमची टीम हरली" म्हणणारा एक तरी सापडतोच. कधी कधी तो शिक्षक असतो, आणि स्टाफरूममध्ये सगळे हसतात.

आता मोबाईल. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली. तेव्हापासून आम्हाला ठाण्यात दर महिन्याला कोणी ना कोणी स्क्रीनशॉट आणून दाखवायचं. पोरगं पंधरा-सोळा वर्षांचं असतं, स्टेटस कुठून तरी उचललेलं असतं. जमाव त्याच्या घरापुढे जमायच्या आत तुम्ही तिथे पोचायला हवं, आणि त्यासाठी वर्गातलं कोणीतरी तुम्हाला आधी फोन करणारं हवं. गोपनीय शाखेच्या माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. असा फोन करणारी मुलं भाषणानं मिळत नाहीत. त्यांच्या हरवलेल्या सायकलीचा तपास मनापासून करा, मग मिळतात. मी आठवीतल्या एका पोराची सायकल बाजारतळावरून शोधून दिली होती, त्याने पुढे दोन वर्षं मला सगळ्या ग्रुपच्या बातम्या दिल्या. मुलांशी त्याचं नाव मात्र कधी काढू नका, सरांशी तर मुळीच नाही.

आणि एक: "डिलीट कर ते" असं घाईने म्हणू नका. मारहाणीचा व्हिडिओ असो, शिवीगाळीचा ऑडिओ असो, तो पुरावा आहे. फोन पंचनाम्याने ताब्यात घ्या, ज्याचा आहे त्याला पावती द्या, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र वेळेवर घ्या. पसरू नये म्हणून काय करायचं ते सायबरवाल्यांना विचारून करा.

इतकं करूनही एखाद्या दिवशी बाप मुलाचा हात धरून ठाण्यात येतो. इथून पुढे कायद्याची गरज लागते, तेव्हा नीट वाचा.

आपल्याकडे "द्वेषगुन्हा" असं एकच कलम नाही. मूल अनुसूचित जाती-जमातीचं असेल आणि त्रास देणारा त्या प्रवर्गातला नसेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे आपली ॲट्रॉसिटी. लोकांसमोर अपमान केला तर ३(१)(आर), जातीवरून शिवी दिली तर ३(१)(एस). बाबासाहेबांच्या फोटोची विटंबना केली तर त्यालाही याच कलमात वेगळा खंड आहे. शाळेत जाण्यापासून अडवलं तर त्यालाही आहे. धर्मावरून तेढ पसरवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६. बाकी मारहाण, धमकी यांची नेहमीची कलमं.

प्रवर्ग मनानं ठरवू नका. पारधी आपल्याकडे अनुसूचित जमातीत आहेत. कैकाडी विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, इकडे आमच्याकडे विमुक्त जातीत. म्हणजे तीच शिवी, तोच समाज, पण ठाणं बदललं की कलम बदलतं. हे बापाला समजावून सांगताना मला स्वतःचीच लाज वाटायची, पण सांगावं लागतं. ॲट्रॉसिटी लागत नाही याचा अर्थ गुन्हाच नाही असा होत नाही, हेही त्याच दमात सांगा. अनेक ठाणे अंमलदार पहिलं वाक्य सांगतात आणि दुसरं गिळतात.

"चौकशी करून बघू" हे वाक्य ॲट्रॉसिटीत चालत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८ए स्पष्ट म्हणतं की गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही. तोंडी सांगितलं तरी लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, सही घ्यायची, प्रत फुकट द्यायची. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो, तो तुमचा नाही. पण फिर्याद लिहून घेणं तुमचंच. टाळाटाळ केली तर कलम ४ खाली लोकसेवकालाच सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. हे कलम मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. साहेबांना दिसेल अशा बाजूने.

फिर्यादीत एक गोष्ट आवर्जून लिहा: त्या वेळी वर्गात, मैदानात कोण कोण हजर होतं. "लोकांसमोर" घडलं की नाही यावरच पुढे अर्धी केस उभी राहते किंवा पडते. फिर्यादी रागात असतो, तो शिवी नेमकी सांगतो पण समोर कोण होतं ते विसरतो. विचारा. बाकांच्या ओळीप्रमाणे विचारलं तर आठवतं.

साक्षीदार मुलं पंधरा वर्षांच्या आतली असतील तर त्यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरी जावं लागतं. मुलींना तर कुठल्याच वयात नाही. घरी जाताना संध्याकाळी जा, गल्लीत गाडी लावू नका.

आणि लवकर जा. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. फिर्यादीप्रमाणे, दुसऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून. मारहाणीची सुरुवात शाळेच्या आवारातच झाली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फुटले होते. जामखेड तालुका आमच्या जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. त्या निकालाच्या संध्याकाळी ठाण्यात कोणी फारसं बोललं नाही. माझ्या मनात एकच हिशेब चालू होता: शाळेत दिवसाढवळ्या काही घडतं तेव्हा बघणारे किती असतात, आणि तीन वर्षांनी आठवणारे किती उरतात. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, हे सगळं २०१५ च्या दुरुस्तीत कलम १५ए ने दिलं आहे. साक्षीदारांना ते माहीत नसतं. जबाबाच्याच दिवशी सांगा.

त्रास देणारा मूल असेल तर पद्धत वेगळी, आणि इथे नवे लोक दोन्हीकडून चुकतात. एक तर "पोरगं आहे, सोडा" म्हणतात, नाहीतर कोठडीच्या गजाआड नेऊन "दाखवतात". कोठडी नाही, बेडी नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेलं कृत्य सात वर्षं किंवा त्याहून जास्त किमान शिक्षेच्या घोर गुन्ह्यात बसत नसेल आणि त्यात मोठ्या माणसांचा हात नसेल तर एफआयआर होत नाही. डायरीला नोंद घ्यायची, सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करायचा आणि बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. हा अहवाल म्हणजे रकाने भरायचं काम समजू नका. शिवी पोरगं कुठून शिकलं ते त्यातच सापडतं. बऱ्याचदा घरात. एका पोराने मला सरळ सांगितलं, "बाबा जेवताना असंच बोलतात." बाबा समोर बसले होते.

मोठा माणूस मागे असेल, म्हणजे बापाने, भावाने, एखाद्या शिक्षकाने चिथावलं असेल, तर त्याला पोराच्या वयाच्या आडोशाला लपू देऊ नका. शिक्षकाने केलं असेल तर शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ ही आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही त्यात येतात.

संस्थेचा फोन येणारच. "शाळेची बदनामी होईल, दहावीचा निकाल तोंडावर आहे, तुमच्या साहेबांशी बोललोय." फोनवर वाद घालू नका. एवढंच म्हणा, "सर, तुमचं म्हणणं लेखी द्या, मी कागदाला जोडते." लेखी कधी कोणी देत नाही.

त्यानंतर क्रॉस तक्रार येते. त्याच रात्री, किंवा दुसऱ्या दिवशी: फिर्यादीच्या भावाने चोरी केली, फिर्यादीच्या काकाने छेड काढली. ती खरीही असू शकते, म्हणून ती घ्यायचीच. पण वेळ नीट टाका, मिनिटासह. पहिली तक्रार किती वाजता, दुसरी किती वाजता. कोर्टात बाकी सगळं विसरलं जातं, वेळ राहते.

फिर्याद झाली की आपलं काम संपलं असं ठाण्यात सगळ्यांना वाटतं. पोराचं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सुरू होतं, त्याच वर्गात. म्हणून पहिल्या आठवड्यात दोनदा, नंतर महिनाभर आठवड्यातून एकदा शाळेत दिसा. त्याला बाहेर बोलावून बोलू नका, नुसतं फाटकाजवळ उभं राहिलं तरी पुरतं. हजेरीपुस्तक बघा. सलग तीन दिवस गैरहजर दिसला तर त्याच संध्याकाळी घरी. ॲट्रॉसिटीत नुकसानभरपाई असते, शिवीगाळ-अपमानाच्या कलमांना एक लाख रुपये, त्यातले पंचवीस टक्के गुन्हा नोंदल्यावर. कागद समाजकल्याणकडे कधी गेला याचा पाठपुरावा तुम्ही केला नाही तर कोणी करत नाही. ते पंचवीस हजार वेळेवर आले की बाप केस लढवतो, नाही आले तर टोळीबरोबर कारखान्याला जातो आणि पोरालाही नेतो.

शेवटी वही. सरकारी डायरी वेगळी, ही तुमची स्वतःची. शाळेला दोन पानं. मुलांची नावं नाहीत, आद्याक्षरं फक्त, वही हरवली तरी कोणाला कळू नये अशी. मावशी कोण, शिपाई कोण, कुठला बाक, कुठली तारीख, कोणी कोणाला काय म्हटलं. बदली झाली की चार्जबरोबर ती द्या.

माझ्या जागेवर आलेल्या पोरीने पहिल्याच आठवड्यात फोन केला. "मॅडम, अकराव्या पानावरचा 'रा.' कोण?" म्हटलं, तो दहावी झाला, आता आयटीआयला आहे. त्याच्या धाकट्या बहिणीकडे बघ, ती यंदा सहावीत गेली असेल. तिची ताटली बघ कुठली आहे.